आनंदीबाईंचे अपुरे काम

अल्पायुषी माणसांवर समाजाचे प्रेम अंमळ अधिकच असते. त्यांच्यासाठी डोळे ओले करणे सोपे असते. आणि त्यांनी आपल्याकडे काही मागितले होते याचा विसर पडला, तरी जाब विचारण्यास ती उरलेली नसतात. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या वाट्यास हेच प्रेम आले आहे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची २२ वर्षे पुरी होण्यास महिनाभराचा अवधी होता. पुढे त्यांची चरित्रे निघाली, श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ साली आली, २०१९ साली चित्रपट आला. त्या दांपत्याचा विलक्षण संसार घरोघरी ठाऊक झाला. पण ही मुलगी विचार काय करीत होती, हा प्रश्न मात्र मागे पडला. आमच्या मते तोच प्रश्न आज विचारण्याजोगा आहे.

आनंदीबाईंचे बालपण कल्याणात गेले. नवव्या वर्षी पोस्टखात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह झाला. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो अवघ्या दहा दिवसांत गेला. अशा दुःखात त्या काळी दैवाला बोल लावून स्वस्थ बसण्याचीच रीत होती. आनंदीबाईंनी त्या दुःखाचे कारण शोधू पाहिले, आणि त्यांचे बोट उपचारांच्या अभावावर गेले.

या विचाराचा परिपाक २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात त्यांनी इंग्रजीत दिलेल्या व्याख्यानात दिसतो. तेव्हा त्या १८ वर्षांच्याही नव्हत्या. अमेरिकेसच का जाता, एकट्या का जाता, परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर काय कराल, असे लोकांचे प्रश्न त्यांनी स्वतःच क्रमाने मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. त्यात आक्रोश नाही की आवेशही नाही. एखाद्या निष्णात वकिलाने बाजू मांडावी तशी ती मांडणी आहे. तिचा गाभा असा की, आपल्या स्त्रिया परपुरुषाकडून तपासून घेण्यास धजत नाहीत. परदेशातून आलेल्या स्त्री-डॉक्टर आहेत, परंतु भाषा, चालीरीती व राहणी वेगळी असल्यामुळे त्यांचा व्हावा तितका उपयोग होत नाही. म्हणून येथल्याच स्त्रियांनी हे शास्त्र शिकले पाहिजे. औषध देणारीला रोग्याची भाषा कळली पाहिजे, हे तत्त्व त्या मुलीने किती स्वच्छ पाहिले होते!

त्याच वर्षी त्या अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली; त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. प्रबंधाचा विषय होता प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूकही झाली. परंतु क्षयाने ग्रासलेले शरीर घेऊनच त्या परतल्या, आणि एकाही बाळंतिणीची सेवा त्या पदावरून त्यांना करता आली नाही. त्यांची रक्षा अमेरिकेतील पोकीप्सी येथे, ज्यांनी त्यांना लेकीसारखे वागविले त्या कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या दफनभूमीत, विसावली आहे.

येथे एक तुलना सांगितल्यावाचून राहवत नाही. आनंदीबाईंहून काही महिन्यांनी मोठ्या असलेल्या डॉ. रखमाबाई लंडनला शिकल्या, परतल्या, आणि सुरत व राजकोट येथे अनेक दशके स्त्रियांवर उपचार करीत राहिल्या. १९५५ पर्यंत त्या हयात होत्या. तरीही आपल्या तोंडी पहिले नाव येते ते आनंदीबाईंचे. यात आनंदीबाईंचा दोष मुळीच नाही. मात्र केलेल्या कामापेक्षा हुकलेल्या कामाची हुरहूर आपणांस अधिक प्रिय आहे, एवढे त्यावरून दिसते.

हुरहूर खरी असेल तर ती हुकलेल्या कामाकडे वळली पाहिजे. आनंदीबाईंच्या कल्याणहून नगरकडे निघालेला रस्ता माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात शिरतो, आणि पिंपळगाव जोगे धरणाच्या परिसरात मढ हे गाव लागते. आसपासच्या डोंगरात महादेव कोळी व ठाकर यांच्या वाड्या आहेत. पाऊस दांडगा, आणि पावसाळ्यात घाटात दरडी कोसळून वाट बंद होणे नेहमीचेच. महाराष्ट्रातील मातामृत्यूंचे प्रमाण २०१८–२० च्या पाहणीत दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, देशाचे ९७. हा आकडा अभिमानाचा आहे, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु सरासरी ही शहर आणि वाडी यांची एकत्र काढलेली असते. केंद्र सरकारच्याच २०२१–२२ च्या आकडेवारीनुसार, देशातील ग्रामीण सामूहिक आरोग्य केंद्रांत आवश्यक त्या प्रसूतितज्ज्ञांपैकी सुमारे तीनचतुर्थांश नव्हते. आषाढातल्या रात्री वाडीवर एखादी बाई अडली आणि शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसले, तर तिला सरासरीचा काय उपयोग? तिला हवी असते वाहन, उघडा रस्ता आणि रस्त्याच्या शेवटी जागी असलेली डॉक्टरीण.

यावर कोणी म्हणेल की शहरात वाढलेले डॉक्टर डोंगरात टिकत नाहीत. ते पुष्कळ अंशी खरेही आहे, आणि त्याचे उत्तर श्रीरामपूरच्या व्याख्यानातच आहे. परदेशी डॉक्टरीण आणि कल्याणची गृहिणी यांच्यात जे अंतर होते, तेच आज पुण्याची पदवीधर आणि मढच्या वाडीवरील बाळंतीण यांच्यात असू शकते. म्हणून रिकाम्या जागा भराव्यात हे तर झालेच; परंतु त्या वाड्यांतल्याच मुली परिचारिका आणि डॉक्टर होतील इतका खर्च शासनाने आणि आपणही केला पाहिजे. आनंदीबाईंच्या नावाने हार घालणाऱ्या संस्था या शहरात पुष्कळ आहेत. त्यांपैकी एकेकीने डोंगरातल्या एकेका मुलीचे शिक्षण शेवटपर्यंत अंगावर घेतले, तर ते स्मारक आनंदीबाईंना समजले असते.