कुंकवाची बंदूक

खंडेनवमीला आमच्या गढ्यातील मराठी घरांतून शस्त्रे पाटावर मांडली जातात. त्यांत एखादी जुनी बाराबोअरची बंदूक असते. नळीला कुंकू, दस्त्याला झेंडूची माळ, आणि नळीच्या आत वर्षानुवर्षांचा गंज! 'आजोबांची आहे' एवढे म्हटले की आपले कर्तव्य संपले. या पूजेला माझा विरोध आहे.

जुनी, स्वस्त बंदूक बाळगण्यात कमीपणा आहे, असे मी मुळीच मानीत नाही. माझी एकनळीही तशीच आहे. आक्षेप आहे तो अज्ञानावर. नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात, म्हणून ती बाराबोअर, हे तरी किती मालकांना ठाऊक असते? जुन्या इंग्रजी बंदुकांत काडतुसाचे घर बहुधा अडीच इंचांचे, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते; आजची पुष्कळ काडतुसे ७० मिलिमीटरची आहेत. फसगत अशी की, ७० चे काडतूस ६५ च्या घरात बिनबोभाट शिरते. त्याचे दुमडलेले तोंड बार उडताना उलगडते आणि तेव्हाच त्याची खरी लांबी प्रकट होते. उलगडायला जागा अपुरी पडली की आतला दाब वाढतो. काळ्या दारूच्या काळातील, पट्ट्या पिळून घडविलेली नळी असेल, तर आजच्या बिनधुराच्या दारूपुढे तिचा भरवसा धरणे हा निव्वळ अविचार होय. नळीखाली कोणत्या परीक्षाघराची मोहर आहे, हे जाणत्या कारागिराकडून वाचून घ्यावे. बर्मिंगहॅमचे परीक्षाघर १८१३ साली याच कामासाठी कायद्याने स्थापन झाले.

कोणी म्हणेल, 'आम्ही ती चालवतो कुठे?' दुखणे नेमके तेच आहे! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस सरले, ते योग्यच झाले. परंतु नेमबाजीच्या मैदानावर कधी न गेलेला मनुष्यच लग्नाच्या मांडवात बंदूक बाहेर काढतो. अशा बेफिकीर बाराला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. मैदानावर तबकडीवर नेम धरणाऱ्याला खांद्यावरचा धक्का आणि छऱ्यांचा पल्ला दोन्ही माहीत असतात. त्याला आकाशात बार काढण्याचा मोह होत नाही.

१९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना चालविणाऱ्या या जबलपुरात, दिवसभर मापाशिवाय हात न हलविणारी माणसे घरच्या बंदुकीचे माप घेत नाहीत, याला काय म्हणावे?

बदलीवर आलेल्या आपणा मंडळींची बंदूक तर पुष्कळदा गावी कपाटात पडलेली आणि परवाना मुदत संपलेला. कायदा अशा वेळी ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयास सांगतो. चालवायची असेल तर तपासून, शिकून चालवा. नसेल तर जमा करा. कुंकू खुशाल लावा. पण त्याआधी बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री करा, आणि नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहा.