न्यूट्रल तुमचा तुटला, मशीन माझं जळलं!

मंडळी, आमच्या चिंचोळी एमआयडीसीत परवा रात्री बल्ब अचानक पांढरेफटक पेटले आणि वॉशिंग मशीन फट्‌कन बंद पडलं. मेकॅनिकनं बोर्ड उघडला तर फ्यूज उडालेला, व्हॅरिस्टर काळाठिक्कर. दोन्ही बदलले, मशीन चालू झालं. नुसता फ्यूज घातला असता तर पुढच्या झटक्याला अख्खा बोर्ड गेला असता.

वायरमन म्हणतो, “स्टॅबिलायझर लावा की ओ!” अहो, न्यूट्रल तुटला की 230 व्होल्टच्या घरात 400 च्या आसपास व्होल्टेज चढू शकतं. एमसीबी जादा करंटला पडतो, जादा व्होल्टेजला नाही. मग लाइनची देखभाल कुणाची? बिलाला उशीर झाला तर दंड आमचा, आणि मशीन जळलं तरी खर्च आमचाच?

वीज कायदा 2003, कलम 57: सेवेचे निकष पाळले नाहीत तर भरपाई. कलम 42: तक्रार निवारण मंच, त्यावर लोकपाल. म्हणून तोंडी भांडत बसू नका. 1912 वर तक्रार करा, नंबर लिहून ठेवा, जळका पार्ट आणि पावती जपा, लेखी अर्ज द्या. एकट्याचा अर्ज फायलीत झोपतो, अख्ख्या लाइनीचा झोपवणं अवघड.

माझा उद्या जातोय. सही द्यायला कोण कोण येतंय?