अभिप्राय हवा, पण माणूस ओळखू येऊ नये

राजगडाच्या पाली दरवाजाची वाट चढायला शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईहून माणसे येतात. पायथ्याच्या पाली गावात एखाद्याला जेवण आवडले नाही, तर तो घरी पोहोचल्यावर फोनवर दोन तारे देऊन मोकळा होतो. त्याला पुन्हा कोण भेटणार? पण राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातल्या अशा कुठल्याही गावात एखाद्या बाईला आरोग्य उपकेंद्राबद्दल काही सांगायचे असेल, तर तिची गोष्ट वेगळी. बाळाच्या पुढच्या लसीला तिला त्याच दारात उभे राहायचे असते. आरोग्यसेविका एकच, आणि ती कदाचित नात्यातलीही असते. म्हणून ती बोलत नाही, आणि कागदावर उपकेंद्राबद्दल तक्रार शून्य दिसते.

अभिप्राय गोळा करण्याची सरकारी सोय नाही असे नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2016 मध्ये ‘मेरा अस्पताल’ सुरू केले. रुग्णाच्या मोबाइलवर संदेश किंवा फोन येतो. अ‍ॅप आणि संकेतस्थळही आहे. रोज शेकड्यांनी रुग्ण येणाऱ्या मोठ्या रुग्णालयात ही पद्धत चालून जाते, कारण गर्दीत एक माणूस लपतो. डोंगराळ भागात एक उपकेंद्र साधारण 3,000 लोकांसाठी असते. जन्माचे प्रमाण हजारी 15 धरले, तर वर्षाला 45 बाळंतपणे, म्हणजे महिन्याला चारच्या आसपास. तीही वेगवेगळ्या वाड्यांत विखुरलेली. ‘मागच्या महिन्यात बाळंत झालेली, वय 24’ एवढे लिहिले की नाव लिहायची गरज उरत नाही.

नाव खोडले की माहिती निनावी होते, हा समज फार आधी मोडला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने 1990 च्या दशकात सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी नावे काढून संशोधकांना दिल्या होत्या. लटान्या स्वीनी या तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी 20 डॉलरना विकत घेतली आणि दोन्ही यादी जोडून पाहिल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले सहा जण निघाले, त्यांतले तीन पुरुष, आणि त्यांच्या पिनकोडात राहणारा एकच. गव्हर्नरांच्या आजारपणाची नोंद हाती आली. एवढ्या मोठ्या शहरात हे झाले. वाडीत मतदारयादीही लागत नाही, शेजारीण पुरते.

त्यामुळे छोट्या गावासाठी अभिप्रायाचे साधन करायचे, तर त्याची कसोटी एकच: ते काय विचारत नाही. असे साधन करायला मोठी कंपनी लागत नाही. एकटा प्रोग्रामर काही दिवसांत ते उभे करू शकतो. एक पान, दोन-तीन प्रश्न, ‘औषध मिळाले का’, ‘पैसे मागितले का’, ‘नीट बोलले का’, आणि उत्तरे साठवायला सर्व्हरवर एक साधी फाइल. नाव नाही, वय नाही, मोबाइल नंबर नाही, ओटीपी तर नाहीच. बाहेरच्या कंपनीचे भेटी मोजणारे कोड पानात टाकायचे नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा संमती, सुरक्षा आणि माहिती फुटल्यास कळवणे अशा जबाबदाऱ्या घालतो. जी माहिती घेतलीच नाही, ती फुटणारही नाही.

खरी चूक होते ती न दिसणाऱ्या जागी. सर्व्हर आपोआप प्रत्येक भेटीची वेळ आणि आयपी पत्ता लिहून ठेवतो. सकाळी 11 वाजून 12 मिनिटांनी आलेले उत्तर आणि उपकेंद्राची रुग्णनोंदवही शेजारी ठेवली, की संपले. म्हणून ही नोंद बंद करायची आणि उत्तरासोबत फक्त महिना ठेवायचा. काही जण आयपी पत्त्याचे गणिती रूपांतर, म्हणजे हॅश, साठवतात आणि तो ओळखता येत नाही असे सांगतात. पण जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे 430 कोटीच आहेत. हॅश साधा असेल, तर संगणक एकेक पत्ता लावून पाहतो आणि मूळ पत्ता थोड्याच वेळात शोधतो. शिवाय मोबाइल कंपन्या अनेकदा एकाच पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक ठेवतात. म्हणजे धोका पत्करूनही दुबार उत्तरे अडत नाहीतच.

क्यूआर कोड उपकेंद्राच्या भिंतीवर लावणे हाही भाबडेपणा. आरोग्यसेविकेसमोर फोन उंचावून कोण कोड टिपणार? तो केसपेपरवर छापावा, आणि सगळ्यांच्या केसपेपरवर एकच असावा. प्रत्येकाला वेगळा दिला, तर तोच ओळखपत्र होतो. बायकांचा फोन घरात अनेक हातांत फिरतो. ब्राउझरच्या इतिहासात पानाचे नाव राहते. तेव्हा ते ‘तक्रार’ नसून ‘उपकेंद्र माहिती’ असे काहीतरी असावे.

याची किंमत आहे. एकच माणूस दहा उत्तरे देऊ शकेल. कोणी द्वेषाने भरेल. तक्रारदाराला परत फोन करून ‘तुमचे काम झाले’ असे सांगता येणार नाही. पण ही निवडणूक नव्हे. औषधे संपली आहेत का एवढे कळायचे आहे, आणि ते साठा पाहून तपासता येते. गंभीर प्रसंग, हलगर्जी किंवा छळ, यासाठी हे साधन नाही. तिथे नावानिशी तक्रार आणि तक्रारदाराला संरक्षण हवे, हे पानावर ठळक लिहिलेले असावे. मोकळा मजकूर लिहायची चौकट मात्र नकोच. माणूस तिथे स्वतःच स्वतःची ओळख लिहून बसतो. आणि दहाहून कमी उत्तरे असतील, तर त्या महिन्याचा निकाल दाखवू नये.

गावाने मिळून बोलण्याची वाट महाराष्ट्राने आधी पाहिली आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 मध्ये लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे तिचे समन्वयन होते आणि सुरुवातीच्या पाच जिल्ह्यांत पुणे होता. गाव आपल्या सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचे आणि तो जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवायचे. लाल रंग एका बाईचा नसे, गावाचा असे. फोनवरच्या पानानेही तेवढेच करावे: महिन्याला एक रंग, एका प्रश्नाला. त्यावर काय केले याचा कागद लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राच्या दारावर लावावा. त्या दिवशी सगळ्या आया येतातच.