म्हैस पान्हा चोरते तेव्हा

रेडकू दगावले की घरावर दुहेरी संकट येते. जीव तर गेलाच, वर संध्याकाळी म्हैस कासेला हात लावू देत नाही. "पान्हा चोरते", असे म्हणून कोणी तिला दोन रट्टे घालतो, कोणी इंजेक्शन आणायला धावतो. वाचकहो, यातले काहीही करण्याआधी म्हशीची बाजू ऐका.

म्हशीच्या कासेत दूध असते, पण त्यातले फारच थोडे सडाच्या वरच्या पोकळीत उतरलेले असते. बाकीचे बारीक पिशव्यांत अडकून राहते. मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचा स्राव रक्तात आला म्हणजे त्या पिशव्या आवळतात आणि पान्हा सुटतो. रेडकाने ढुशी दिली की हा स्राव येतो. पण केवळ त्यानेच येतो असे नाही, कारण जनावर शिकते.

रशियातले शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांना पचनक्रियेवरील कामासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या कुत्र्यांना अन्न तोंडात पडण्याआधीच, अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच लाळ सुटे. अमुक खुणेमागून अन्न येते, हे ती शिकली होती. तुमच्या गोठ्यातही तेच घडते. कासंडीचा आवाज, आंबोणाचा वास, घरच्या बाईची हाक यांमागून धार येते हे म्हशीला कळून चुकते आणि पान्हा उतरू लागतो.

रेडकू हीच एक खूण राहू दिलीत, तर ते गेल्यावर हाती काही उरत नाही. म्हणून म्हैस व्याली की त्याच आठवड्यापासून दुसऱ्या खुणा जोडा. आधी हाक, मग आंबोण, मग कास धुणे आणि त्यानंतर रेडकू. खूण आधी हवी, मागाहून दिलेली निरुपयोगी. वेळ, जागा, माणूस शक्यतो तेच ठेवा. पोरांना उगाच कासंडी वाजवू देऊ नका. खूण वारंवार फोल ठरली की जनावर तिला मानीनासे होते.

आता रट्ट्यांविषयी. अमेरिकेत एली आणि पीटरसन यांनी कागदी पिशव्या फोडून गायींना भेवडवले, तेव्हा पान्हा अडला. त्यांचा हा अभ्यास १९४१ साली छापून आला. भीतीने रक्तात दुसराच स्राव येतो आणि तो पान्ह्याच्या आड येतो. शिवाय म्हैस ती जागा आणि तो हात ध्यानात ठेवते. मार एकदाच बसला, हे आपले म्हणणे. तिचे तसे नसते.

इंजेक्शनने पान्हा उतरतो खरा, पण मग सुई हीच खूण होऊन बसते. दूध वाढवण्यासाठी अपायकारक औषध टोचणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

रेडकू आधीच गेले असेल, तर तिच्या ओळखीच्या माणसानेच धारेला बसावे. पुढ्यात आंबोण ठेवा, कोमट पाण्याने कास धुऊन हलक्या हाताने चोळा, आणि पान्हा सुटताच धार झटपट आटपा, तो फार वेळ टिकत नाही. पहिले काही दिवस दूध कमी मिळेल, तेवढे सोसा. कास तापलेली किंवा सुजलेली दिसली, तर मात्र वाट न पाहता जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा.