बाळाच्या शीचा रंग कोणी पाहायचा?

जन्मानंतर दोन-तीन दिवसांत बाळ पिवळे दिसू लागले की घरातली मोठी माणसे म्हणतात, कोवळ्या उन्हात धरा, उतरेल. बहुतेक बाळांचा पिवळेपणा दोन आठवड्यांत ओसरतोही आणि श्रेय उन्हाला मिळते. प्रश्न आहे तो 14 दिवसांनंतरही पिवळ्याच राहिलेल्या बाळाचा. ‘ओसरेल हळूहळू’ हे तेव्हाही ऐकायला मिळते, आणि असे सांगणाऱ्यांत डॉक्टरही असतात.

काही हजार बाळांमध्ये एखाद्याच्या पित्तनलिका बुजलेल्या असतात. या आजाराला ‘बिलियरी ॲट्रेझिया’ म्हणतात. पित्त आतड्यात उतरत नाही, यकृतातच साचते आणि यकृत निबर होत जाते. फसवे असे की, सुरुवातीला बाळ टवटवीत असते, दूध पिते, त्याचे वजनही वाढते. खूण असते ती दुपट्यावर. शीला पिवळा रंग पित्तामुळे येतो; पित्त पोचले नाही तर ती पांढुरकी, राखेसारखी होते. उलट, तान्ह्या बाळाची एरवी पाण्यासारखी असणारी लघवी दुपट्यावर गडद पिवळा डाग ठेवते.

या नलिका औषधाने उघडत नाहीत. जपानचे सर्जन मोरिओ कासाई यांनी 1950च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली. बुजलेल्या नलिका काढून लहान आतड्याचा भाग थेट यकृताला जोडायचा. ती 60 दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती घटत जाते. शस्त्रक्रिया झालीच नाही तर बहुतेक मुले 2 वर्षांपलीकडे जगत नाहीत. उशीर झाल्यावर उरते ते यकृत प्रत्यारोपण, आणि ते किती घरांना झेपते?

आपल्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नाहीत. मग दीड महिन्याची लस. तिथे कोणाला शंका आलीच, तर तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून मुंबई-पुण्याला, आणि प्रत्येक ठिकाणी नव्याने तपासण्या. खरे तर पहिली तपासणी साधी आहे. रक्तातले एकूण बिलिरुबिन पाहून थांबायचे नाही, त्यातले ‘डायरेक्ट’ किती तेही पाहायचे. ते वाढलेले असेल तर हा पिवळेपणा नेहमीचा नव्हे. पक्के निदान बहुधा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच, नलिकांत डाय सोडून होते. म्हणून सगळे अहवाल हाती येईपर्यंत थांबण्यापेक्षा बाळाला आधी बालशल्यचिकित्सकाकडे पोचवणे शहाणपणाचे.

तैवानने 2004 पासून देशभर आयांना शीच्या रंगांचे चित्रकार्ड दिले; तिथे वेळेत शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांचे प्रमाण वाढले. आपल्याकडे तर माणूसच दारी येते. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई 42 दिवसांत 6 वेळा जाते, बाळाचे वजन करते, ताप पाहते. त्याच फेरीत तिने दुपटे दाखवायला सांगावे. दुपटी धुणाऱ्या आजीला विचारावे, कारण रंग सर्वांत आधी तिलाच दिसलेला असतो. शी पांढरट असेल तर आशाताईच्या शब्दावर बाळाला लगेच ग्रामीण रुग्णालयात घेतले जावे आणि रक्त त्याच दिवशी तपासले जावे. ‘सोमवारी या’ असे सांगून त्या आईला परत पाठवू नये.