आपला संघ आणि समोरचा संघ

फुटबॉलच्या मैदानावर बावीस खेळाडू एका चेंडूमागे धावत असतात आणि मैदानाच्या कडेला हजारो माणसे श्वास रोखून त्यांच्याकडे पाहत असतात. जिंकणाऱ्या खेळाडूंना चषक मिळतो, मानधन मिळते, कीर्ती मिळते. पाहणाऱ्यांना यांतले काहीच मिळत नाही. उलट तिकिटाचे पैसे त्यांच्याच खिशातून जातात. तरीही आपला संघ हरला म्हणजे ज्यांच्या घशाखाली त्या रात्री घास उतरत नाही, अशी माणसे जगात पुष्कळ आहेत. समोरचा संघ तिसऱ्याच कोणाकडून हरला, तरी ज्यांना सणासारखा आनंद होतो, अशीही माणसे थोडी नाहीत. हे प्रेम कोठून येते आणि हा राग कोठून येतो, याचा एकदा शांतपणे विचार केला पाहिजे.

‘जो संघ चांगला खेळतो, तो लोकांना आवडतो,’ असे उत्तर कोणीही चटकन देईल. परंतु ते पुरेसे नाही. तसे असते, तर दरवर्षी जो संघ पहिला येईल त्याच्याकडे सारे पाठीराखे वळले असते. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे हरत आलेल्या संघाचे पाठीराखेही पावसात भिजत त्याच्यासाठी उभे असतात. तेव्हा या प्रेमाचे मूळ पायांतील कसबापेक्षा अधिक खोल असले पाहिजे. ते शोधायचे, तर आपल्या देशात कोलकात्याएवढे योग्य ठिकाण दुसरे नाही. तेथील मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन संघांची स्पर्धा शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे.

मोहन बागानची स्थापना १८८९ साली झाली. त्या वेळी देशावर इंग्रजांचे राज्य होते. फुटबॉल हा खेळ त्यांनीच आणलेला, आणि त्यात आपली बरोबरी कोणी करू शकणार नाही, असा त्यांचा समज होता. २९ जुलै १९११ रोजी आय. एफ. ए. शील्ड या नामांकित स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मोहन बागानची गाठ ईस्ट यॉर्कशायर या गोऱ्या पलटणीच्या संघाशी पडली. पलटणीच्या खेळाडूंच्या पायांत भक्कम बूट होते. मोहन बागानच्या अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी होते. पहिला गोल पलटणीने केला. नंतर कर्णधार शिवदास भादुरी यांनी बरोबरी साधली आणि सामना संपत आला असताना अभिलाष घोष यांनी विजयाचा गोल केला. हा निव्वळ खेळातला विजय आहे, असे त्या दिवशी कोणालाच वाटले नाही. राज्यकर्त्यांना समान नियमांनी, समान मैदानावर हरवता येते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. ज्या आजोबांनी तो दिवस पाहिला, त्यांच्या नातवंडांना मोहन बागान का आवडतो, हे वेगळे सांगावयास नको.

आता दुसऱ्या बाजूची हकीकत ऐका. १९२० साली जोडाबागान या संघाने मोहन बागानविरुद्धच्या एका सामन्यातून शैलेश बोस या खेळाडूला वगळले. ते पूर्व बंगालचे म्हणून त्यांना वगळले, असे अनेकांना वाटले. त्या संघाचे एक पदाधिकारी सुरेशचंद्र चौधुरी या अन्यायामुळे बाहेर पडले आणि इतरांच्या साहाय्याने त्यांनी नवा संघ उभा केला. पूर्वेकडील लोकांचा संघ म्हणून त्याचे नाव ईस्ट बंगाल. पुढे १९४७ साली देशाची फाळणी झाली. पूर्व बंगालातील असंख्य कुटुंबे घरदार, शेतीवाडी, नदीकाठचे गाव मागे टाकून कोलकात्यास आली. कित्येकांनी सियालदहच्या रेल्वे स्थानकावर दिवस काढले, तर कित्येकांनी शहराच्या कडेला झोपड्यांच्या वसाहती उभारल्या. जे गाव सुटले, ते नकाशावर परदेशात गेले. त्याचे नाव मात्र एका फुटबॉल संघाच्या रूपाने रोज कानांवर पडत होते. तो संघ जिंकला, म्हणजे आपले हरवलेले गाव जिंकले, असे त्या माणसांना वाटे. अशा प्रेमाला कोण हसेल?

मूळचे पश्चिम बंगालचे ते ‘घोटी’ आणि पूर्वेकडून आलेले ते ‘बांगाल’, अशी नावे तेथे रूढ आहेत. घोटी मोहन बागानचे आणि बांगाल ईस्ट बंगालचे, अशी साधारण वाटणी झाली. मोहन बागानचा रंग हिरवा आणि गडद तांबडा, तर ईस्ट बंगालचा लाल आणि सोनेरी. मोहन बागानचे चिन्ह शिडाची नाव, तर ईस्ट बंगालचे पेटती मशाल. ही वाटणी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली. मोहन बागान जिंकला की त्याच्या पाठीराख्यांच्या घरी कोळंबी शिजते, आणि ईस्ट बंगाल जिंकला की इलिश मासा. येथवर सारे गोडच आहे. ज्या संघाच्या विजयाचा वास शेजारच्या घरापर्यंत जातो, तो संघ खेळाच्या पलीकडे जाऊन घरचा झालेला असतो.

पण याच गोडीत कडवटपणा कसा शिरतो? माझ्या मते त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण जुन्या दुखण्याचे. पूर्वेकडून आलेल्यांच्या बोलीला शहरातले काही लोक हसत. त्यामुळे गोल झाल्यावर समोरचा प्रेक्षक हसला, तरी ते हसू गोलाबद्दल नसून आपल्या बोलीबद्दल आहे, असे ऐकणाऱ्याला वाटे. उलट, आधीच दाटीने भरलेल्या शहरात आलेले हे नवे लोक आपली जागा घेणार, अशी भीती जुन्या रहिवाशांना वाटे. दोघांचा राग फुटबॉलवर नव्हताच; मैदान हे तो राग बोलून दाखवण्याची जागा झाले होते.

दुसरे कारण आपल्या पाहण्याच्या रीतीत आहे. समजा, समोरच्या संघाचे हजार पाठीराखे बसले आहेत. त्यांतील दहाजण शिवीगाळ करतात आणि उरलेले नऊशे नव्वद मुकाट्याने खेळ पाहतात. घरी परतताना आपल्याला ते दहाच आठवतात आणि आपण म्हणतो, ‘ते लोक असलेच!’ आपल्या बाजूच्या दहाजणांनी तेच केले, तर मात्र आपण म्हणतो, ‘ते दहा वाह्यात आहेत, आम्ही काही तसे नाही.’ आपल्या माणसांना आपण आतून ओळखतो, म्हणून त्यांचे वाईट वागणे हा अपवाद ठरवतो. समोरच्यांना आपण दुरून, आणि तेही ते ओरडत असतानाच पाहतो. म्हणून त्यांचा आरडाओरडा हाच त्यांचा स्वभाव ठरवतो. एकाच वर्तनाला दोन मापे लावली गेली, तर तेथे न्याय उरत नाही.

तिसरे कारण सर्वांत साधे आहे. वडिलांना तो संघ आवडत नाही, थोरल्या भावाला आवडत नाही, म्हणून मलाही आवडत नाही. आपल्या संघाविषयीचे प्रेमही असेच घरातून येते, हे खरे. परंतु त्या प्रेमाबरोबर आठवणी येतात, गोष्टी येतात, नायकांची नावे येतात. अशा उसन्या रागाबरोबर सहसा काहीच येत नाही. ‘तो संघ तुला का आवडत नाही?’ असे विचारले, तर पुष्कळांना उत्तर सापडत नाही.

बरे, ज्या रेषेवरून एवढे भांडण, ती रेषा तरी पक्की आहे काय? इतिहास पाहिला, तर ती जागोजाग पुसलेली दिसते. १९११ साली मोहन बागानला ऐतिहासिक विजय मिळवून देणाऱ्या खेळाडूंपैकी कित्येकांची मूळ घरे पूर्व बंगालातच होती. मोहन बागानच्या बचावफळीचे अभेद्य आधारस्तंभ गोष्ठ पाल यांचा जन्म पूर्व बंगालातील फरीदपूर जिल्ह्यातला. मोहन बागानचे लाडके चुनी गोस्वामी हेही जन्माने पूर्वेकडील किशोरगंजचे. इकडे ईस्ट बंगालने १९४९, १९५० आणि १९५१ अशी सलग तीन वर्षे आय. एफ. ए. शील्ड जिंकली. त्या काळी त्याच्या आघाडीच्या फळीतील व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह या पाच खेळाडूंना लोक कौतुकाने ‘पंचपांडव’ म्हणत. हे पाचही जण दक्षिण भारतातून आलेले; त्यांच्यात बंगाली एकही नव्हता. ज्या निर्वासितांना आपल्या हरवलेल्या भूमीचे एवढे प्रेम, त्यांनीच परक्या भाषेच्या या पाचजणांना काळजाशी धरले. पुढे १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक मिळवले. त्या संघाचे कर्णधार मोहन बागानचे चुनी गोस्वामी होते आणि ईस्ट बंगालचे तुलसीदास बलराम त्यांच्या जोडीने खेळत होते. एरवी समोरासमोर उभे राहणारे ते दोघे त्या दिवसांत एकमेकांकडे चेंडू देत होते.

ही रेषा कच्ची आहे, हे विसरले की काय होते, तेही कोलकात्याने पाहिले आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांचा सामना चालू असताना खेळाडूंमध्ये चकमक उडाली. तिचे लोण प्रेक्षकांत पसरले, मारामारी आणि चेंगराचेंगरी झाली, आणि सोळा प्रेक्षक प्राणास मुकले. खेळ पाहावयास म्हणून घरातून निघालेली ती माणसे परत आली नाहीत. त्या सोळा घरांत कोणत्या रंगाची निशाणे होती, हा प्रश्न त्या संध्याकाळनंतर कोणी विचारावा? त्यांच्या स्मरणार्थ कोलकात्यात १६ ऑगस्ट हा फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळतात आणि त्या दिवशी रक्तदान करतात. तेथे दिलेले रक्त कोणत्या संघाच्या पाठीराख्याला मिळेल, हे देणाऱ्याला ठाऊक नसते.

कोणी म्हणेल, ‘एवढे जपून वागायचे, तर सामन्याची मजा ती काय राहिली? थट्टा नको, घोषणा नकोत, मग घरीच बसावे!’ हा आक्षेप मला पूर्णपणे खोडून काढावासा वाटत नाही. आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूर हे फुटबॉलचे वेड असलेले शहर आहे. तेथे पेठांच्या आणि तालमींच्या अभिमानाने संघ उतरतात, आणि शाहू स्टेडियमवर हलग्या कडाडल्या नाहीत, तर सामना अळणी वाटेल. थट्टा हे खेळातले मीठ आहे. पण मिठाचेही प्रमाण असते. थट्टा कोठे संपते आणि अपमान कोठे सुरू होतो, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. ज्याची थट्टा केली, तो सामन्यानंतर तुमच्या शेजारी बसून चहा घेऊ शकत असेल, तर ती थट्टा. त्याची भाषा, त्याची जात, त्याचे गाव, त्याची गरिबी यांवरून बोललेला शब्द मात्र शिट्टी वाजल्यावर संपत नाही. तो घरी जातो आणि पुष्कळदा पुढच्या पिढीलाही पुरतो.

समोरच्या संघाविषयीचा राग आवरता येतो, याचेही उदाहरण कोलकात्यानेच दिले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या शहरात एका तरुण महिला डॉक्टरची तिच्या कामाच्या ठिकाणीच हत्या झाली आणि सारा देश हळहळला. १८ ऑगस्ट रोजी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा ड्युरँड चषकाचा सामना ठरला होता. सुरक्षेच्या कारणास्तव तो रद्द झाला. सामना नव्हता, तरी दोन्ही संघांचे पाठीराखे साल्ट लेकच्या क्रीडांगणाबाहेर जमले. त्यांच्यासोबत शहरातील तिसरा जुना संघ मोहमेडन स्पोर्टिंग याचेही चाहते आले. हिरव्या-तांबड्या सदऱ्यातला तरुण आणि लाल-सोनेरी सदऱ्यातला तरुण खांद्याला खांदा लावून त्या डॉक्टरसाठी न्याय मागत होते. त्यांपैकी कोणी आपला संघ सोडला नव्हता. सदरे ज्याचे त्याच्या अंगावर होते; पुढचा सामना आला, तेव्हा ते पुन्हा समोरासमोरच बसले असतील.

विद्यार्थिमित्रांनो, मला म्हणावयाचे आहे ते एवढेच. तुमचा संघ तुम्हांला प्रिय असावा, त्याच्या विजयाने तुम्ही नाचावे आणि पराभवाने खट्टू व्हावे. कोणतीच बाजू न घेणाऱ्याला सामन्यातला अर्धा आनंद कळत नाही. परंतु समोरच्या संघावर प्रेम करणाऱ्यालाही आजोबा आहेत, त्यांनी सांगितलेल्या गोष्टी आहेत, कदाचित एखादे हरवलेले गावही आहे, याची आठवण ठेवा. ईस्ट बंगालवाचून मोहन बागानचा विजय निम्मा फिका पडेल, आणि मोहन बागानवाचून ईस्ट बंगालचा. पुढल्या खेपेस तुमच्या शाळेचा सामना शेजारच्या शाळेशी होईल, तेव्हा समोरच्या बाजूच्या एखाद्या मुलाला विचारा, ‘तुझा आवडता खेळाडू कोण, आणि तो तुला का आवडतो?’ त्याचे उत्तर नीट ऐका. ते तुमच्याच उत्तरासारखे असेल. फक्त त्यातले नाव वेगळे असेल.