बिल कोण देणार?

बैठक संपली. जातिअंतावर दोन तास बोलून आम्ही आठ जण स्टँडसमोरच्या हॉटेलात शिरलो. मिसळ, जादा पाव, चहा. वेटरने बडीशेपेच्या बशीत बिल आणून ठेवलं आणि इतका वेळ तावातावाने बोलणारे सगळे गप्प झाले. एकाला फोन आला. दुसरा हात धुवायला गेला तो परत येईना. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक पोरगा नुसता चहा प्यायला होता. भूक नाही म्हणाला. भूक होती, खिशात पैसे नव्हते.

बिल 'भाऊं'नी दिलं. भाऊ नेहमीच देतात. पुढे नगरपालिकेची निवडणूक लागली आणि भाऊ कालपर्यंत ज्यांना शिव्या देत होते त्यांच्याच तिकिटावर उभे राहिले. आमच्यातला एकही जण बोलला नाही. ज्याची मिसळ खाल्ली, त्याला जाब कसा विचारायचा?

म्हणून हा प्रश्न किरकोळ नाही. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उष्टं-शिळं मागणं सोडा, असं बजावलं. ते स्वच्छतेपुरतं नव्हतं. जो वाढतो तोच आपली पायरी ठरवतो, हे त्यांनी ओळखलं होतं. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत त्यांनी राजकारणातल्या व्यक्तिपूजेचा धोका सांगितला. ही पूजा एकदम स्टेजवर सुरू होत नाही मित्रांनो, ती हॉटेलच्या टेबलावर सुरू होते.

काही जण म्हणतील, मग आठ जणांत सरळ भागा. तेही चूक. पगारदार प्राध्यापक आणि नाक्यावर काम शोधणारा पोरगा यांना सारखाच आकडा लावणं ही समता नव्हे. आरक्षणाची बाजू मांडताना आपण हेच जगाला समजावतो आणि बिल आलं की विसरतो.

आणखी काही म्हणतील, चळवळीत पैशाचा हिशोब कसला? अहो, 14 एप्रिलची वर्गणी आपल्या आयाबाया दहा-वीस रुपयांनी गोळा करतात आणि वहीत पै-पै लिहितात. तो हिशोब चालतो, मग हाच का नको?

करायचं एवढंच. कुठे जेवायचं आणि साधारण किती खर्च येईल, हे बैठकीआधीच सांगा. बंद डबा फिरवा. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे टाकावं, कुणी किती टाकले ते कुणी पाहू नये. बिल डब्यातूनच जाईल, उरलं तर पुढच्या वेळेला. कमी पडत असेल तर हॉटेल सोडा, घरून भाकरी-चटणी आणा. भाऊंनाही द्यायचं असेल तर त्यांनी डब्यातच टाकावं, हात वर करून नव्हे.

सहभोजनाने जात मोडत नाही, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच लिहून ठेवलं. पण एकत्र जेवताना आपल्याच माणसाला उपाशी उठवणारी संघटना जात काय मोडणार?

पुढच्या बैठकीला डबा मी आणतो.

जय भीम!